हल्डाचा तुकडा

कॉर्डी फ्यूगेट पहिल्यांदा आमच्या तालमीला आली ती शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट, अंगातला पिठाळलेला एप्रनसुद्धा न काढता. १९६४चा मे संपत आला होता. आम्ही दहाबारा जण मेथडिस्ट चर्चच्या तळघरात डोकं धरून बसलो होतो, कारण नाटक तीन आठवड्यांवर आलं होतं आणि हल्डाचं काम करायला बाई मिळत नव्हती. सात उन्हाळे ते काम केलेल्या लूला व्हिटेकर नवऱ्याबरोबर फ्लोरिडाला राहायला निघून गेल्या होत्या.

कॉर्डी दारातच उभी राहिली. म्हणाली, "हल्डा कोण करतंय?"

आमचे दिग्दर्शक आयल्स मास्तर चपापले. "अजून कुणी नाही."

"मग मी करते."

हल्डाच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या व्हर्लिन न्हाव्याने हातातला कॉफीचा कप हळूच खाली ठेवला. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हल्डा म्हणजे कॉर्डीची आई.

हे सुरुवातीपासून सांगायला हवं. एकतीस सालच्या हिवाळ्यात स्टिलहाउस खोऱ्यातल्या एकखोली शाळेवर थॉर्न नावाची एकवीस वर्षांची मास्तरीण आली. शहरातली मुलगी. त्या काळी मास्तरणी गावातल्याच कुणाच्या तरी घरी राहायच्या, जेवायच्या. ही राहिली झेरेल्डा नोबलच्या घरी, म्हणजे कॉर्डीच्या आईकडे. कॉर्डी तेव्हा बारा वर्षांची, पाच भावंडांत थोरली. पाच महिने राहून मास्तरीण निघून गेली आणि सोळा वर्षांनी तिची कादंबरी आली, 'उशिराचं ऊन'. आमच्या खोऱ्यात सकाळचं ऊन दहाच्या आधी पोचत नाही, त्यावरून ते नाव.

कादंबरी गाजली. लेक्सिंग्टनच्या वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. आमच्या काउंटीत मात्र तिची एकच प्रत होती. खाकी कागदाचं कव्हर घातलेली ती प्रत या घरातून त्या घरात फिरत होती आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना तिच्यात शोधत होता. झेरेल्डाला शोधायला काही कष्ट पडले नाहीत. कादंबरीत लेटी नावाची अनाथ पोर हल्डाच्या घरी येते. हल्डाच्या गळ्यात पिठाच्या पेटीची किल्ली. रोज संध्याकाळी ती मक्याचा रोट अंगठ्याने मापून कापते आणि सगळ्यांत लहान तुकडा लेटीला देते. वर म्हणते, "भूक म्हणजे सवय आहे, पोरी." अशी किल्ली गळ्यात घालणारी बाई आमच्याकडे एकच होती. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, एवढंच काय ते बरं.

पुढे कुणी हात आखडता घेतला की लोक म्हणायला लागले, "हल्डाचा तुकडा देऊ नकोस." म्हणच पडली. कॉर्डी प्राथमिक शाळेत जेवण वाढायची. रांगेतली पोरं ताट पुढे करून एकमेकांना कोपराने ढोसायची, "बघ हं, हल्डाचा तुकडा मिळेल." कॉर्डी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि ताटात दोन डाव जास्त घालायची. तिच्या हातचं खाऊन आमची एक आख्खी पिढी गुटगुटीत झाली.

सत्तावन्न साली नाटक सुरू झालं. कोळशाच्या खाणी बंद पडत चालल्या होत्या, तरणी माणसं ओहायोला निघाली होती, आणि गावात काहीतरी व्हायला हवं असं सगळ्यांनाच वाटत होतं. आयल्स मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी थॉर्नबाईंना पत्र लिहून परवानगी आणली आणि कादंबरीचं तीन अंकी नाटक केलं. ओढ्याकाठच्या जुन्या बेसबॉलच्या मैदानावर कड्याला पाठ लावून फळ्यांचं स्टेज उभं राहिलं, समोर बाकं. जून ते ऑगस्ट, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी सातला. कामं गावकऱ्यांचीच. मी, नेवा स्टिडम, दिवसा पोस्टाच्या खिडकीवर बसायचे आणि संध्याकाळी स्टेजवरच्या खोट्या धुरखोलीमागे, म्हणजे मांस धुरावर सुकवायच्या खोपटामागे, स्टुलावर, मांडीवर नाटकाचं पुस्तक घेऊन. कुणी अडलं की मी शब्द पुरवायचा.

लूला व्हिटेकर हल्डा झकास करायच्या. डोळे बारीक करून अंगठा रोटावर टेकवला की प्रेक्षकांत खसखस पिकायची. 'भूक म्हणजे सवय आहे' या वाक्याला तर लोक पाय आपटून, शिट्ट्या मारून हुर्यो करायचे. ओहायोतल्या सिनसिनाटीहून, डेटनहून गाड्या भरून माणसं यायची. आपल्या मुलुखातून उठून तिकडे कारखान्यांत गेलेली, सुट्टीला घरी आलेली. त्यांना ते सगळं बघून हसू यायचं आणि रडूही यायचं.

कॉर्डी कधी आली नाही. पण तिचं घर ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, आमच्या स्टेजपासून हाकेच्या अंतरावर. ती ओसरीवर शेंगा निवडत बसायची. सात उन्हाळे तिने ते नाटक ऐकलं. हशा ऐकला, हुर्यो ऐकली.

कॉर्डी तालमीला आली तो सोमवार होता; आता त्याच्या आधीचा रविवार. दर वर्षी मे महिन्यातल्या त्या रविवारी आम्ही डोंगरावरच्या थडग्यांवर फुलं वाहायला जातो. कॉर्डी आईच्या थडग्यावर पिवनीची फुलं घेऊन गेली, तर दगडावर मक्याच्या रोटाचा एक वाळका तुकडा ठेवलेला. बोटभर. आदल्या दिवशी कुणी पाहुणे गंमत म्हणून ठेवून गेले होते.

ते पाहुणे मला माहीत होते. शनिवारी दुपारी पोस्टात आले होते, नवरा, बायको आणि मेव्हणी. "ती नाटकातली हल्डा इथेच पुरलीय म्हणे, खरं का?" असं हसत विचारलं, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना वाट दाखवली. दुसरं गेट, सीडरच्या झाडापाशी डावीकडे. मला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, बघा, आमच्या गावाचं नाव झालं.

तर कॉर्डी तळघराच्या दारात उभी होती. आयल्स मास्तर म्हणाले, "कॉर्डी, तुला नक्की... म्हणजे तुला ठाऊक आहे ना काय काम आहे ते?"

"ठाऊक आहे."

"तीनच आठवडे उरलेत. नक्कल पाठ व्हायला..."

"सात वर्षं ओढ्यापलीकडून ऐकतेय. कुठून म्हणू?"

आणि तिने दुसऱ्या अंकातला जेवणाचा प्रवेश म्हणायला सुरुवात केली. नुसती हल्डाचीच नाही, एनॉकचीही वाक्यं म्हटली, लेटीचीही. मी पुस्तकावर बोट ठेवून चालले होते. एक शब्द चुकला नाही. मध्येच एका जागी ती थांबली. मी वाक्य पुरवायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "इथे गाडी येते."

खरंच यायची. दर प्रयोगाला आठाला दहा कमी असताना कोळशाची मालगाडी ओढ्याच्या कडेने जायची. सत्तर-ऐंशी डबे. ती जाईपर्यंत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळे नट होते तिथे गप्प उभे राहायचे. व्हर्लिन तेवढ्यात टाचेने डास चावलेली जागा खाजवून घ्यायचा. गाडी गेली की पुढचं वाक्य. कॉर्डीने तो थांबासुद्धा पाठ केला होता.

ती निघून गेल्यावर व्हर्लिन म्हणाला, "ही आता सगळ्या गावासमोर आमचा उद्धार करणार. बघा तुम्ही."

"करेल तर करू दे," आयल्स मास्तर म्हणाले. "दुसरी बाई आणतोस का तू?"

पण कॉर्डीने उद्धारबिद्धार काही केला नाही. पुस्तकातला शब्द तिने कधीही बदलला नाही, हे मी शपथेवर सांगेन. सोळा उन्हाळे मी मांडीवर पुस्तक घेऊन तिच्या मागे बसले होते. लिहिलं तेच ती बोलली. मात्र पहिल्याच दिवशी तिने पुठ्ठ्याचा रोट नाकारला. घरून बिडाच्या तव्यात भाजलेला खरा रोट आणला, आणि घेवड्याचं भांडं, डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा घालून शिजवलेलं. वाफ कड्यापर्यंत जायची. पुढच्या बाकांवरची माणसं नाक वर करायची.

त्या पहिल्या प्रयोगात जेवणाचा प्रवेश आला. टेबलाशी नवरा एनॉक, पाच पोरं आणि लेटी. हल्डा धरून आठ माणसं. कॉर्डीने रोटावर अंगठा टेकवला, आणि प्रेक्षक सवयीने हसले. तिने रोट कापला. ताटल्यांत वाढला. मी मागून मोजले तर सात तुकडे. हल्डाची ताटलीच मांडलेली नव्हती. मला वाटलं, बिचारी गोंधळली. मी कुजबुजले, "कॉर्डी! तुझी ताटली!" तिने वळूनही बघितलं नाही. सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि हात एप्रनला पुसत, लेटीकडे बघून म्हणाली, "भूक म्हणजे सवय आहे, पोरी."

तेच वाक्य. पण ते तिने असं म्हटलं, जसं एखाद्या कामाला नव्याने लागलेल्या पोरीला जुनी बाई सांगते, की पहिले चार दिवस हात दुखतील, मग नाही दुखत. शिट्टी मारायला तोंडाशी बोटं नेलेला एक माणूस मला फटीतून दिसत होता. त्याने ती तशीच खाली आणली.

प्रयोग संपल्यावर मी तिला गाठलं. "अगं, तुझी ताटली राहिली."

"राहिली नाही," ती म्हणाली. "नव्हतीच."

मग गाडी. बाकीचे नट गाडी जाईस्तोवर पुतळ्यासारखे उभे राहायचे, पण कॉर्डी राहीना. गाडीच्या त्या धडधडाटात ती टेबल आवरायची. पोरांच्या ताटल्या एकात एक ठेवायची. मग सगळ्यांकडे पाठ करून तवा उचलायची आणि बोटाने तव्याला चिकटलेला चुरा खरवडून खायची. घाईने नाही. शेवटी बोट चाटून तवा खुंटीला लावायची. तोवर शेवटचा डबा गेलेला असायचा, आणि ती वळून पुढचं वाक्य म्हणायची.

त्या दोन मिनिटांना आयल्स मास्तर काही म्हणू शकत नव्हते. त्यांनी लिहिलेल्या नाटकात ती दोन मिनिटं नव्हतीच, ती रेल्वेची होती. तरी दुसऱ्या उन्हाळ्यात ते तिला म्हणाले, "कॉर्डी, इथे लोक पोट धरधरून हसायचे. आता हसत नाहीत."

"मग हसू द्या की. मी कुठे अडवलंय?"

"तसं नव्हे. हल्डा जरा विनोदी..."

"मास्तर, मी काही गाळलं का? काही पदरचं घातलं का? नेवाला विचारा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शब्दाला शब्द आहे." त्यांनी हात वर केले आणि विषय तिथेच संपला.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी किल्लीचं सुरू झालं. नाटकात हल्डा पेटीला कुलूप घालते ते लेटीच्या देखत, तिला हिणवत. कॉर्डी हिणवायची तेवढं हिणवायची, पण कुलूप घालायची वेळ तिने थोडी पुढे ढकलली. व्हर्लिनचा एनॉक फिडल घेऊन ओसरीवर जायचा, आणि त्याची पाठ वळली की मगच ती किल्ली फिरवायची. फिरवताना एकदा त्याच्या पाठीकडे बघायची. बास, एवढंच. आता, एनॉक हे नाटकातलं सगळ्यांचं लाडकं पात्र. गाणारा, फिडल वाजवणारा, पोरांना हसवणारा. आणि आमच्या खोऱ्याचं नावच स्टिलहाउस, म्हणजे दारूची भट्टी. घरातलं मक्याचं पीठ भट्टीवर देऊन बाटली आणणारे बाप आमच्या प्रत्येकाच्या गणगोतात होते. जुन्या माणसांना ते बघणं पुरलं.

व्हर्लिन एके दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "नेवा, तिला सांग. काल दुकानात दाढीला आलेला म्हातारा मला म्हणतो, 'पीठ विकून पितोस होय रे?' मी डीकन आहे चर्चचा! थेंबाला शिवत नाही!"

"मग तू पाठ वळवू नकोस."

"पाठ वळवू नकोस कसं? पुस्तकात लिहिलंय, ओसरीवर जातो म्हणून!"

"मग जा."

तो धुसफुसत गेला. पण व्हर्लिन माणूस चांगला. पुढच्याच आठवड्यात त्याने काय केलं, तर ओसरीवर जाताना वाटेत पेटीपाशी जरासा थबकला. अर्ध्या पावलाएवढा. कॉर्डीने किल्ली मुठीत धरली. मी धुरखोलीमागे बसून हे बघत होते. त्या दोघांनी याबद्दल आपसांत चकार शब्द काढला नव्हता.

असं होता होता लोक हल्डाला बघायला यायला लागले. म्हण कधी बंद पडली ते मला नेमकं सांगता येणार नाही. अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमारास शाळेतल्या रांगेत ती ऐकू येईनाशी झाली. कॉर्डीच्या चर्चमधल्या बायका, ज्यांना नाटक म्हणजे सैतानाचं काम वाटायचं, त्याही ओढ्यापलीकडे तिच्या ओसरीवर येऊन बसायला लागल्या. बघत नाही, ऐकतो, असं म्हणायच्या.

एकाहत्तरच्या जुलैत थॉर्नबाई आल्या. पहिल्या वर्षी उद्घाटनाला आल्या होत्या, त्यानंतर आत्ता. साठी उलटलेली, काठी हातात, फिकट निळा सूट. पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. कॉर्डीला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने स्टेजवर पाऊल टाकताच ओळखलं असणार. तिने एक गोष्ट वेगळी केली नाही. सात तुकडे कापले. वाक्य म्हटलं. गाडी आली, तवा खरवडला. थॉर्नबाई दोन्ही हात काठीवर ठेवून बघत होत्या.

प्रयोगानंतर त्या पायऱ्या चढून स्टेजवर आल्या. कॉर्डी टेबल पुसत होती. मी पुस्तक मिटत होते, जावं की थांबावं मला कळेना, म्हणून थांबले.

"हे माझ्या पुस्तकात नाही," थॉर्नबाई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या.

"नाही," कॉर्डी म्हणाली. "बसा ना. पायाला त्रास होतोय तुमच्या."

त्या लेटीच्या खुर्चीवर बसल्या. "मी त्या घरात पाच महिने राहिले. रोज त्या टेबलाशी जेवले. मी डोळे मिटून नव्हते बसले."

"तुम्ही आधी उठायच्या, बाई. दिवा घेऊन खोलीत वाचायला जायच्या. मागचं तुम्हाला कसं दिसणार?"

"रोट आठच तुकड्यांचा असायचा. मी मोजायचे. घरात माणसं आठ, तुकडे आठ. मला चांगलं आठवतं."

"आठच असायचे," कॉर्डी म्हणाली. "दोन तुमच्या ताटलीत."

थॉर्नबाईंनी मान वर केली.

"एक घेवड्याखाली असायचा," कॉर्डी म्हणाली. "आम्हा पोरांना दिसू नये म्हणून. आई म्हणायची, मास्तरीण उपाशी राहिली तर निघून जाईल, आणि शाळा बंद पडेल. मी वाढायला मदत करायचे ना, मला माहीत होतं. मला सांगू नकोस म्हणाली होती. मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

थॉर्नबाईंचा हात टेबलावर होता. तो जरा सरकला, जणू काही चाचपत होता. "घेवड्याखालचा," त्या म्हणाल्या. "हो. मला वाटायचं, सगळ्यांनाच असतो."

खाली मैदानात लोक बाकांवरच्या चादरी गोळा करत होते, गाड्या सुरू होत होत्या. शेवटी थॉर्नबाई म्हणाल्या, "पुस्तक छापून झालंय, कॉर्डी. मला आता ते बदलता येणार नाही."

"मी बदला म्हटलं का?"

"नाही, म्हटलं नाहीस."

"तुम्ही मला वाचायला शिकवलंत," कॉर्डी म्हणाली. "ते पुस्तक मी वाचलं ते त्याच्याच जोरावर. चिडले, पण वाचलं सगळं. चांगलं लिहिलंय. ओढ्याचं वर्णन तर अगदी हुबेहूब आहे."

थॉर्नबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पर्समधून रुमाल काढला. त्या रात्री त्या कॉर्डीकडे राहिल्या. हॉटेलातली खोली घेऊन ठेवली होती, ती तशीच राहिली. सकाळी मी डाक टाकायला गेले तर दोघी ओसरीवर शेंगा निवडत होत्या. नंतर दर नाताळला बाईंचं पत्र यायचं. जाडजूड पाकीट, चार-पाच पानांचं. मी ते खिडकीतून कॉर्डीच्या हातात द्यायचे. आत काय असायचं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि पोस्टातल्या बाईने विचारायचं नसतं.

थडग्याची वाट मीच दाखवली होती हे मी तिला त्याच हिवाळ्यात सांगितलं. सात वर्षं ते माझ्या घशात अडकलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"त्या परक्यांना नेमकं आईचंच थडगं सापडलं ना. दुसरं गेट, सीडरपाशी डावीकडे, असं तुझ्याशिवाय कोण सांगतं? बाकीचे नुसतं 'वर डोंगरावर' म्हणतात." आणि मला चकतीवर चकती रचून केलेला सफरचंदाचा केक दिला. सहा थरांचा. मी दोन तुकडे खाल्ले.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये पूर आला. ओढा मैदानावरून गेला तेव्हा स्टेज, बाकं, खोटी धुरखोली, सगळं घेऊन गेला. कॉर्डीच्या घरात छातीएवढं पाणी. गावाने दोन महिने चिखल उपसला. तरी जुलैत आम्ही नाटक केलंच, हायस्कुलाच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या रिंगखाली हल्डाचं स्वयंपाकघर. डास नाहीत, काजवे नाहीत, कडा नाही. आणि आत गाडी ऐकू येत नव्हती.

आयल्स मास्तर, आता तेही पिकलेले, म्हणाले, "टेपवर गाडीचा आवाज भरून आणतो. लावू."

कॉर्डी म्हणाली, "नको. मला हसू येईल."

त्या पहिल्या प्रयोगात जेवणाचा प्रवेश झाला, आणि गाडीची जागा आली तेव्हा सगळे नट थांबले. वीस वर्षांची सवय. कुणी ठरवलं नव्हतं. व्हर्लिन थांबला, पोरं थांबली. आणि प्रेक्षकही थांबले. पाचशे माणसं, बहुतेक सगळी गावचीच, ज्यांची घरं अजून ओली होती. जिममध्ये खुर्चीसुद्धा करकरली नाही. त्या शांततेत कॉर्डीने ताटल्या गोळा केल्या, तवा उचलला, आणि बोटाने खरवडायला लागली. तेरा वर्षांत पहिल्यांदाच ते ऐकू आलं. बिडावर नखाचा आवाज. मी पुस्तकात बघत होते, पण मला अक्षरं दिसत नव्हती.

कॉर्डीने एकोणऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत काम केलं. मग गुडघे धरले, शाळेतूनही निवृत्त झाली. नवी हल्डा आली ती काउंटी कचेरीतली डॉना नावाची मुलगी. तिने सगळं जसंच्या तसं उचललं. सात तुकडे, किल्ली, तवा. चांगलं करायची. पण माणसं कमी होत चालली होती. नट मिळेनात, बघायला येणारी म्हातारी झाली, त्यांची मुलं ओहायोतच रुजली. आयल्स मास्तर चौऱ्याऐंशी साली गेले. थॉर्नबाई त्यांच्या आधी दोन वर्षं. त्या वर्षीच्या नाताळला पत्र आलं नाही, तेव्हा कॉर्डी खिडकीपाशी आली, बघितलं, आणि काही न विचारता परत गेली.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये मी तिला म्हटलं, "कॉर्डी, तू हे नाटक कधी समोर बसून बघितलंयस का?"

ती विचारात पडली. "नाही ग. आधी ऐकलं, मग केलं. बघितलं कधीच नाही."

"मग चल. आता फार दिवस चालेलसं वाटत नाही."

मी तिला माझ्या गाडीत घालून मैदानावर नेलं, तिथे पुरानंतर पुन्हा स्टेज उभं राहिलं होतं. तोवर पुस्तक धरायचं काम मीही सोडलं होतं. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. मला धाकधूक होती. डॉनाने एखादी गोष्ट चुकीची केली तर कॉर्डीला लागेल, असं वाटत होतं. पण कॉर्डीने हल्डाकडे फारसं बघितलंच नाही. ती एनॉककडे बघत होती.

व्हर्लिन बहात्तर वर्षांचा झाला होता, केस पांढरे, फिडल हनुवटीखाली धरताना हात थरथरायचा. पण विनोद अजून तेच, आणि अजून फक्कड. त्याने पोरांना कोल्ह्याची नक्कल करून दाखवली आणि कॉर्डी हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग अशी की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागे वळून बघितलं. ती माझ्या दंडाला धरून हलत होती. "अगं बाई! किती मजेशीर आहे ग हा माणूस!"

"तू याच्याबरोबर सोळा वर्षं काम केलंस, कॉर्डी."

"मी त्याच्या पाठीकडेच बघत होते ना! तोंड कधी दिसलं मला!"

घरी येताना ती खिडकीची काच खाली करून बाहेर हात काढून बसली होती. रातकिडे किरकिरत होते. ओढ्यावरचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "आमचा पा, बाप माझा, अगदी अस्साच होता. कोल्हा करायचा. अस्वल करायचा. आम्ही उपाशी पोटी लोळायचो हसून हसून."

मी विचारलं, "तुला राग नाही आला कधी त्याचा?"

"आला की. अजून येतो." तिने हात आत घेतला. "पण काय वाजवायचा ग, नेवा. आई आत चुलीपाशी असायची आणि तिचा पाय आपोआप ठेका धरायचा. तिला कळायचंसुद्धा नाही."

मी गाडी तिच्या फाटकाशी उभी केली. ती लगेच उतरली नाही. डाव्या पायाने गाडीच्या तळाशी हळूहळू ठेका धरून बसून राहिली, आणि तेवढा वेळ मीही इंजिन बंद करून बसले.